साडेअकराला मरणारं मशीन

हे कोणी खरं मानणार नाही. नका मानू. नागोठण्याला एका कॉम्प्युटरच्या डब्यात मधमाश्यांनी पोळं धरलं होतं, ते मी काढलं, मध चाखला आणि मशीन चालू करून दिलं, हेही आजवर कोणी मानलेलं नाही. पण ही गोष्ट हमरापूरची आहे आणि माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. सव्वीस वर्षं झाली. मासळीला शिवलेलो नाही आणि माळ घालून खोटं बोलत नाही. जे काय खोटं बोलायचं होतं ते माळ घालण्याआधीच उरकून घेतलं.

ही हकीकत मी रोह्याला रमीजच्या दुकानात बसून सांगितली. रमीज जुनी मशीनं आणतो, दुरुस्त करतो आणि विकतो. त्याची बायको बतूल त्याच्यापेक्षा बरं सोल्डरिंग करते. गोष्ट घडली तेव्हा ती माहेरी म्हसळ्याला होती, म्हणून तिला पहिल्यापासून ऐकायची होती. ती मध्ये बोलत नाही. मान खाली घालून बोर्डावर कथलाचे थेंब सोडत राहते. अशा माणसासमोर जपून बोलावं, हे मला उशिरा कळलं.

१

माणूस आतून कसा आहे ते बघायला त्याच्या घरी जेवायला जावं लागत नाही. त्याचा सीपीयू उघडावा. चाळीस वर्षं पेणला रामवाडीत दुकान टाकून बसलोय. रेडिओ गेले, टीव्ही गेले, आता कॉम्प्युटर उघडतो. पालीची अंडी बघितली. एका वकिलाच्या मशीनमध्ये कापलेली नखं बघितली. ती आत कशी गेली ते विचारायचा धीर झाला नाही. एका मास्तरांच्या मशीनमधून उंदराचं अख्खं बिऱ्हाड निघालं, गादीसकट, आणि गादी मास्तरांच्याच केसांची.

तर मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी गुणाजीशेठचा फोन आला. हमरापूरला त्याचा गणपतींचा कारखाना आहे.

"दत्तोबा, माझी यादी मेली," तो म्हणाला.

दुबईच्या एकशे ऐंशी घरांची यादी होती ती. कोणाला नऊ इंची मूर्ती, कोणाला बारा, कोणाचं पितांबर जांभळं, कोणाची सोंड उजवी. माल बोटीनं जातो, त्यामुळे गणपतीच्या आधी पाच-सहा महिने रंगून तयार लागतो. रविवारी दुपारी ऑपरेटर पोरगी यादी भरत असताना मशीन फटकन बंद पडलं. पुन्हा चालू केलं तर फाइल उघडते, पण नावांच्या जागी नुसते चौकोन.

मी गेलो. फाटकावर पाटी होती: "आत मूर्ती आहेत. मासळी-मटण आणू नये." ज्याच्या डब्यात मासळी असेल त्यानं बाहेर बांधावर बसून जेवायचं, चूळ भरायची, मग आत यायचं. चाळीस वर्षांचा नियम. मांजरसुद्धा नाही. ओल्या रंगावरून मांजर एकदा चाललं की वीस मूर्ती पुन्हा घासाव्या लागतात, म्हणून शेजारच्या चार कारखान्यांत मिळून एक मांजर कोणी टिकू देत नाही. उंदीर मात्र असे की तुमच्याकडे बघून सरकत नाहीत, तुम्हीच सरकायचं.

गुणाजी ऑफिसात उभा होता. गळ्यात माळ, माझ्या माळेच्या दुप्पट जाड. भजनी मंडळाचा अध्यक्ष. हात जपाच्या पिशवीत.

"पाच आठवड्यांत तेरा वेळा बंद पडलंय," तो म्हणाला. "तेराच्या तेरा वेळा समोर ती मृणाली. सोमवार, गुरुवार, शनिवार माझा पुतण्या मितेश बसतो, तेव्हा काही नाही. रविवार, बुधवार, शुक्रवार ही बसते की मशीनचा मुडदा. मुद्दाम करते."

"मुद्दाम कशाला करेल?"

"डोलवीला कंपनीत कंत्राटदाराकडे जागा मिळतेय तिला. जायची घाई झालीय. शनिवारपर्यंत माझं पत्र नेऊन द्यायचंय, चांगली वागली म्हणून. देतो ना पत्र. मशीन बिघडवते असं लिहूनच देतो."

असं पत्र घेऊन पोरगी डोलवीलाच काय, पेणच्या झेरॉक्सच्या दुकानातही उभी राहिली नसती. सोमवार होता. हातात पाच दिवस.

मी मशीन चालू केलं. मितेश खुर्चीवर बसला. मशीन तासभर चाललं, दोन तास चाललं, माझ्याकडे बघून हसल्यासारखं चाललं.

२

बिघाड दोन जातींचे. एक प्रामाणिक: मेला तो मेला, भाग बदला. दुसरा येऊन-जाऊन असणारा. डॉक्टरच्या दारात पोचलं की ज्याची पोटदुखी थांबते, तसला. तो पकडायचा तर मशीनला विचारून उपयोग नाही. माणसांना विचारावं लागतं.

कारखान्यात सगळीकडे प्लॅस्टरची धूळ उडते, म्हणून गुणाजीनं मशीन टेबलाखालच्या लाकडी खणात कोंडलेलं. पुढे दार. मागे भिंत नाही, प्लायवूडचा पडदा. पलीकडे गुणाजीची जपाची खोली. वायर तिकडच्या प्लगला जाते म्हणून खणाच्या पाठीला एक झडप कापलेली.

मशीन बाहेर ओढलं. समोरच्या जाळीवर धुळीची साय. आत झुरळांचे पाय, पंख, आणि एक अख्खं झुरळ मेलेलं, पोट वर करून, तृप्त. मागच्या जाळीवर, जिथून आतला पंखा गरम हवा बाहेर फेकतो, तिथे पिवळट तेलकट थर. बोट लावलं तर चिकट. मी बोट पँटला पुसलं आणि लगेच पँट बदलावीशी वाटली. त्या थरात नखाएवढा एक पारदर्शक, चकचकीत तुकडा रुतलेला. मूर्तींच्या मुकुटाची टिकली असेल म्हणून चष्म्याच्या घरात टाकला.

मृणाली त्या दिवशी पेणला क्लासला होती. मी परत जाताना तिला गाठलं. खाडीकडच्या गावातली पोर, बाप मिठागरात. ती चार पावलांवर आली आणि मला शिंक आली. पावडर, त्यावर अत्तर, त्यावर सुगंधी साबण. एवढा वास लावणारं माणूस काहीतरी झाकत असतं, हे मी मनात लिहून ठेवलं.

"तू काही करतेस का गो त्या मशीनला?"

"काका, मी बटणं दाबते. अजून काय करणार?" तिनं पिशवीतून वही काढली. "मला ठाऊक होतं माझ्यावर येणार. सगळं लिहून ठेवलंय."

प्रत्येक पाळीची तारीख, वार, वेळ. अकरा पंचेचाळीस. अकरा पन्नास. अकरा चाळीस. बारा पाच. कधीही सकाळी नाही. कधीही जेवणानंतर नाही. एक वाजला की मशीन शहाण्यासारखं चालायचं.

"साडेअकरा झाले की मला घाम फुटतो," ती म्हणाली. "आता मरणार, आता मरणार. आणि मरतंच."

"अत्तर कशाला लावतेस एवढं?"

तिची मान खाली गेली. "शेठ म्हणतात खाडीच्या माणसांना वास येतो."

मी वही मागून घेतली.

मितेशला मंगळवारी त्याच्या घरी गाठलं. मंगळवारी कारखाना बंद. पोराला मोबाइलमधून डोकं वर काढायला जिवावर येत होतं.

"तुला आठवडाभर ती खुर्ची पाहिजे ना?" मी विचारलं.

"मला? काका, ती खुर्ची फुकट दिली तरी नको. दुबईचे फोन येतात म्हणून दुपारी उठता येत नाय. मी मुद्दाम सोम, गुरू, शनी मागून घेतले. बाकीच्या दिवशी मी रंगाच्या कॉम्प्रेसरवर असतो, दुपारी घरी जाता येतं."

"त्याच दिवशी घरी कशाला?"

"जेवायला," तो म्हणाला, आणि मी मूर्ख असल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

मी मूर्खच होतो. उत्तर त्यानं ताटात वाढलं होतं आणि मी उठून कॉम्प्रेसरच्या मागे लागलो. त्याच्या पाळीच्या उलट दिवशी तो कॉम्प्रेसर चालवतो, कॉम्प्रेसर धडधडला की व्होल्टेज पडतं, मशीन मरतं. पकडला चोर.

३

सोमवारपासून मशीन माझ्या दुकानात होतं. धूळ उडवली, रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, मागची जाळी रॉकेलनं धुतली. मग दोन दिवस अखंड चालवलं. शेजारच्या वेल्डरला सांगितलं, मार किती ठिणग्या मारायच्या त्या. त्याच्या वेल्डिंगनं अर्ध्या रामवाडीचे दिवे मिचकतात, समोरच्या रसवंतीचा चरक उलटा फिरतो. मशीन ढिम्म हललं नाही. म्हणजे कॉम्प्रेसर सुटला, आणि मितेशही सुटला.

बुधवारी सकाळी दहाला मशीन जागेवर नेऊन बसवलं. मृणालीची पाळी. तेव्हा ऑफिस झाडायला ठमाबाई आली. खाडीकाठची म्हातारी, तोंडात मशेरी, हातात झाडू. तिनं झाडलं कमी, धूळ एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेली जास्त.

"मावशी, या खणात हात घालता का तुम्ही?"

"मना काय ठाव त्या डब्यातला? मी झारते न् शेठच्या पूजेची फुलां आनते. अकराला."

"बाकी कोण येतं इथे?"

"उंदीर येतान. त्यांना विचार."

मी दुकानात परतलो. बारा वाजायला पाच मिनिटं असताना मृणालीचा फोन. आवाज असा की बोलताना दात ओठावर धरलेला असावा.

"काका, मेलं."

एक वाजता पोचलो. मशीन चालू. डब्याला हात लावला. आत ताप असलेल्या पोराचं अंग असतं तसं गरम. मागची जाळी बघितली. दोन दिवसांपूर्वी रॉकेलनं धुतलेल्या जाळीवर तेलाचा ताजा, पिवळा थेंब.

गुणाजी जपाच्या खोलीतून ढेकर देत बाहेर आला. "बघितलंस? शुक्रवारी शेवटची पाळी तिची. पत्र मी लिहून ठेवलंय."

"काय लिहिलंय?"

"खरं तेच."

४

गुरुवारी रोह्याला आलो. मशीन रमीजनं विकलेलं, तेव्हा गुणाजीचा दुसरा संशय त्याच्यावर. "रोह्याचा भंगार गळ्यात मारला," असं तो चारचौघांत म्हणत होता.

रमीजनं मला बिलाची तारीख दाखवली, जोडीची आणखी सहा मशीनं कुठे-कुठे चालू आहेत ती नावं सांगितली. मग म्हणाला, "काका, आजार मशीनला नाय. घराला हाय. तुमच्याकडे दोन दिवस ठणठणीत राहिलं ना? मग तुमच्याकडे काय नाय आणि तिथे काय हाय, ते बघा."

माझ्याकडे काय नाही? गुणाजी नाही, ठमाबाई नाही, खण नाही, मूर्ती नाहीत. खण तर मितेशच्या दिवशीही असतो.

एसटीत मृणालीची वही पुन्हा उघडली. पाच आठवडे, तिच्या पंधरा पाळ्या. तेरा मरणं. मी इतके दिवस मरणं मोजत होतो. ज्या दोन दिवशी मशीन जगलं, ते कोणी बघितलंच नव्हतं. दोन्ही बुधवार, लागोपाठचे. खुर्चीवर मृणालीच. म्हणजे मृणाली बसली की मशीन मरतं, हे गुणाजीचं गणित इथेच मोडलं. त्या दोन दिवशी माणूस तोच होता, वार तोच होता. वेगळं काय होतं?

एसटीच्या ड्रायव्हरनं काचेजवळ पंचांग लटकवलं होतं. पळत्या गाडीत पुढे जाऊन मी पानं उलटली. कंडक्टरनं मला दोन शब्द ऐकवले, ते सोडा. पहिला बुधवार, संकष्टी. पुढचा बुधवार, एकादशी.

उपास करणारं मशीन. मी एवढ्या मोठ्यानं हसलो की शेजारची बाई उठून पुढच्या सीटवर गेली.

पेणला उतरलो आणि मासळी बाजाराच्या बाजूनं नाक दाबून निघालो. गुरुवार, त्यामुळे बाजार निम्मा झोपलेला. एकच कोळीण बसली होती, समोर हातभर जिताडा. कोणाकडे पाहुणे असतील. ती सुरी उलटी धरून खवले काढत होती. खर्र, खर्र. एक उडाला आणि माझ्या चपलेवर पडला. नखाएवढा. पारदर्शक. चकचकीत.

मी रस्त्यातच चष्म्याचं घर उघडलं.

५

शुक्रवारी सकाळी अकराला मी मृणालीच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो. तिनं त्या दिवशी अत्तराची अख्खी बाटली रिकामी केली असावी.

अकरा वाजून पाच मिनिटांनी ठमाबाई परडी घेऊन आली. वर झेंडूची फुलं, खाली केळीचं पान. ती जपाच्या खोलीत गेली आणि रिकाम्या हातानं बाहेर आली.

"मृणाली," मी हळूच विचारलं, "आता कसला वास येतोय का तुला?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "येतो ना."

"कसला?"

"मासळीचा. दर पाळीला येतो. दोनदा अंघोळ करून येते मी काका. कपडे वेगळे धुते, घरात चूल पेटायच्या आधी निघते. तरी साडेअकराला येतोच. शेठ बोलले ते खोटं नव्हतं."

मशीनमधली झुरळं बरी म्हणायची वेळ होती.

मी एक हात डब्यावर ठेवला. साडेअकरा. कोमट. अकरा चाळीस. गरम. अकरा अठ्ठेचाळीसला हात ठेववेना, आतला पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकू लागला, आणि स्क्रीन काळी झाली. मृणालीनं डोळे मिटले.

"रडू नको," मी म्हणालो. "ही घे वही, वेळ लिही. आणि माझ्यामागे ये."

जपाच्या खोलीला आतून कडी नव्हती. अध्यक्षांच्या खोलीत न विचारता जाणार कोण? गुणाजी आसनावर बसलेला, डोळे मिटलेले, हात पिशवीत. मी सरळ पडद्याजवळ गेलो, झडप उघडली आणि मागच्या जाळीला टेकून ठेवलेला स्टीलचा डबा बाहेर ओढला. पितळी भांड्यासारखा तापलेला. झाकण उघडलं. जिताड्याच्या तीन तुकड्या, तळलेल्या.

गुणाजीनं डोळे उघडले. तो ओरडला नाही. आधी दाराकडे बघितलं.

"दार लाव," तो म्हणाला.

"आधी ऐक," मी म्हणालो. "मशीन आतली गरम हवा मागून बाहेर टाकतं. तू त्या वाटेवर डबा लावतोस, म्हणजे डबा गरम राहतो. पण वाट बंद झाली की हवा आतच कोंडते, आणि मशीन जीव वाचवायला स्वतःच बंद पडतं. साडेबाराला तू डबा काढतोस, जपाच्या नावानं खातोस. एकपर्यंत मशीन गार होतं आणि चालतं. फुलं सकाळी सातच्या पूजेला लागतात, अकराला नाही. तुझ्या जाळीवर तेल होतं, तेलात हा खवला होता."

खवला त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो बोटानं पुसून टाकायचा प्रयत्न केला, जणू डाग होता.

"आणि मितेशनं हे वार का सोडले?" मी म्हणालो. "रविवार, बुधवार, शुक्रवार त्याला घरी जाऊन गरम मासळी खायची असते. तुलाही त्याच दिवशी खायची असते. मधल्या मध्ये खुर्चीवर राहिली ही पोर. ज्या दिवशी तुम्हां दोघांच्या तोंडाला पाणी सुटतं, त्या दिवशी गुन्हेगार ही."

"संकष्टीला कधी नाय खाल्लं," गुणाजी म्हणाला. "एकादशीला कधी नाय. सोमवारी नाय, गुरुवारी नाय, शनिवारी नाय. देवाला विचार."

एवढं बोलताना त्याच्या तोंडावर खरोखर समाधान होतं. मी खूप घाण बघितलीय, पण वार पाळणारी घाण पहिल्यांदा बघितली. मूर्तींना विटाळ होतो म्हणून ज्यानं चाळीस वर्षं माणसांना बांधावर जेवायला बसवलं, तो स्वतः देव्हाऱ्यासमोर बसून काटे काढत होता. आणि वास आला की बोट दाखवायला खाडीची एक पोर ठेवली होती.

ठमाबाई दारात येऊन उभी राहिली. "मी सांगितलाव्हता शेठला," ती कोणाला उद्देशून नाही असं म्हणाली. "जिताऱ्याचा वास फुलांनी जात नाय."

मृणाली डब्याकडे बघत होती. मग तिनं स्वतःच्या ओढणीचं टोक नाकाशी नेलं आणि हुंगलं.

"म्हणजे तो वास माझा नव्हता," ती म्हणाली.

गुणाजीनं मान फिरवली, तेवढं तरी केलं.

६

पत्र मी सांगितलं, त्यानं लिहिलं. वागणूक चांगली, काम चोख, वेळ पाळणारी, आणि मशीनच्या बिघाडाशी काही संबंध नाही, तो दुसऱ्याचा दोष होता. दुसरा कोण ते लिहायला तो तयार नव्हता, आणि मृणाली म्हणाली, राहू दे, पण वासाचं मितेशसमोर सांगा. मितेशला बोलावलं. गुणाजीनं सांगितलं, पुटपुटून. तिनं पुन्हा सांगायला लावलं. दुबईची यादीही तिनंच दोन दिवस बसून पहिल्यापासून भरून दिली, पण खण उघडा ठेवून आणि पंख्याखाली खुर्ची ओढून. आता ती डोलवीला आहे. साबण लावते की नाही माहीत नाही, अत्तर लावत नाही.

मी गप्प राहायचं कबूल केलं होतं. त्याला जागलो. तेव्हापासून मोजून अकरा जणांना सांगितलं, त्यातले नऊ पेणचे नाहीत.

इथवर सांगून मी समोरचा चहा संपवला. बतूल अजून मान खाली घालून थेंब सोडत होती. मृणालीनं ओढणी हुंगली त्या ठिकाणी तिचा हात थांबला होता, एवढं मी बघितलं होतं. गोष्ट चांगली उतरली होती. मी पिशवी उचलली.

"आणि डबा?" बतूल म्हणाली.

"कसला डबा?"

"जिताड्याचा. त्याचं काय झालं?"

"तो होय. गुणाजीच्या हातात थोडाच परत देणार होतो. पोरगी पत्र घेऊन गेली, मी डबा उचलला, कारखान्याच्या मागच्या दारी बसलो आणि मांजराला घातला." मी पायरीवर थांबलो. सांगता सांगता तो डबाच डोळ्यांपुढे आला. "काय सांगू तुला. मशीनची गरम हवा एकाच अंगाला लागलेली, त्यामुळे त्या बाजूची कातडी अशी कुरकुरीत, आणि उलटी बाजू लोण्यासारखी. कोकमाचा आंबटपणा पार काट्यापर्यंत उतरलेला. काटासुद्धा उरला नाही बघ."

बतूलनं सोल्डरिंगची दांडी स्टँडवर ठेवली. चष्मा कपाळावर चढवला, आणि माझ्या तोंडाकडे न बघता गळ्यातल्या माळेकडे बघितलं.

"काका," ती म्हणाली, "चार कारखान्यांत मिळून एक मांजर नाय, असं म्हणालात ना मघाशी? मग तो जिताडा खाल्ला कोणी?"